एडिटिंगच्या मशीनमध्ये डिस्कची मांडणी : कुठल्या ड्राइव्हवर काय ठेवावं?

फ्रेमवेडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझं काम मुख्यतः मुलाखतींचं आणि माहितीपटांचं. दोन मोठे कॅमेरे प्रोरेस ४२२ एचक्यू (कमी दाबलेल्या, जड फाइलींचा प्रकार), ४के, २५ फ्रेम्सवर चालतात. तिसरा लहान कॅमेरा एच.२६५ (खूप दाबलेल्या, लहान फाइलींचा प्रकार), १०-बिट ४:२:२ देतो. तिन्ही एकत्र सिंक करून मल्टीकॅमवर, म्हणजे तिन्ही कोन एकाच वेळी समोर ठेवून, कट करते.

मशीनमध्ये सध्या हे आहे :
५०० जीबी साटा एसएसडी (विंडोज आणि सॉफ्टवेअर),
४ टीबीच्या दोन ७२०० आरपीएम हार्ड डिस्क,
आणि १ टीबीचा नवा एनव्हीएमई (साटापेक्षा कितीतरी वेगवान एसएसडी), जो अजून खोक्यातच आहे.

फुटेज पहिल्या हार्ड डिस्कवर, एक्स्पोर्ट दुसरीवर. कॅशे (सॉफ्टवेअर स्वतः बनवतं त्या तात्पुरत्या फाइली) कुठे जातो ते कधी बदललं नाही, म्हणजे सी ड्राइव्हवरच जात असणार, कारण तो सतत भरतो. मल्टीकॅम प्ले केलं की फ्रेम्स गळतात आणि प्लेहेड ओढताना चित्र मागून येतं.

एनव्हीएमई बसवायचाच आहे. पण त्यावर फुटेज ठेवू, कॅशे ठेवू की विंडोजच तिकडे हलवू? दोन्ही हार्ड डिस्कचा रेड ० केला, म्हणजे दोन्ही जोडून एकच डिस्क केली, तर काही फरक पडेल का? एकाच ड्राइव्हचे तीन पार्टिशन करून वेगवेगळ्या गोष्टी ठेवा असंही एकाने सांगितलं. यातलं खरं काय, हे रोज हे काम करणाऱ्यांकडून ऐकायचं आहे. मी एडिटिंगला प्रीमियर वापरते, रंगकाम रिझॉल्व्हमध्ये.

---

संकलक

फ्रेमवेडी, स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी एक काम करा. टास्क मॅनेजरचा परफॉर्मन्स टॅब उघडा आणि मल्टीकॅम प्ले करत तीन आकडे बघा : फुटेजच्या डिस्कचा अॅक्टिव्ह टाइम, सीपीयू, आणि जीपीयूमधला व्हिडिओ डिकोड. हे तुमच्या तिन्ही कॅमेऱ्यांसाठी वेगवेगळं बघा. आधी फक्त प्रोरेस, मग फक्त एच.२६५.

का, ते सांगतो. तुमचं प्रोरेस ४२२ एचक्यू यूएचडी २५पी म्हणजे सेकंदाला साधारण ७३७ मेगाबिट. आठाने भागा, ९२ मेगाबाइट. हा भागाकार न केल्यामुळेच निम्मा गोंधळ होतो, कारण कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात मेगाबिट असतात आणि डिस्कच्या खोक्यावर मेगाबाइट. दोन कॅमेरे एकत्र म्हणजे १८४ मेगाबाइट, तेही दोन वेगळ्या फाइलींमधून एकाच वेळी. ७२०० आरपीएमची चांगली हार्ड डिस्क एकच फाइल सलग वाचताना १५० ते २५० च्या दरम्यान देते. दोन फाइली एकदम मागितल्या की हेड इकडून तिकडे पळत राहतो आणि तो आकडा बराच खाली येतो. म्हणजे तिथे डिस्क कमी पडणारच.

तिसऱ्या कॅमेऱ्याचं गणित उलटं आहे. समजा तो २०० मेगाबिट देतो. म्हणजे फक्त २५ मेगाबाइट. एवढं कुठलीही हार्ड डिस्क आरामात पुरवते. तिथे अडत असेल तर ते उलगडण्यात, म्हणजे डिकोडिंगमध्ये अडतंय, आणि जगातला सर्वांत वेगवान एनव्हीएमई लावला तरी ते सुटणार नाही.

आकडे टाका, मग मांडणीचं बोलू.

---

तबकडी

पार्टिशनचा सल्ला कृपया मनावर घेऊ नका. एका हार्ड डिस्कचे तीन भाग केले तरी आत हेडची जोडणी एकच, सगळे हेड एकत्रच हलतात. उलट फुटेज एका भागात आणि कॅशे दुसऱ्या भागात असला की त्यांना लांबच्या फेऱ्या माराव्या लागतात. एसएसडीवर पार्टिशनने नुकसान होत नाही, पण वेगही वाढत नाही. मोकळी जागा मात्र तुकड्यांत अडकते.

हा सल्ला येतो कुठून तेही सांगते. हार्ड डिस्कच्या काळात विंडोज एका डिस्कवर, फुटेज दुसऱ्या, कॅशे तिसऱ्या आणि एक्स्पोर्ट चौथ्या डिस्कवर ठेवायची पद्धत होती, आणि ती अगदी बरोबर होती. प्रत्येक कामाला स्वतंत्र हेड मिळायचा. हेड योग्य जागी पोचून तबकडी फिरून यायला सरासरी दहा-बारा मिलिसेकंद जातात. २५ फ्रेम्सच्या व्हिडिओत एका फ्रेमला मिळतात ४० मिलिसेकंद. एका फ्रेमसाठी चार ठिकाणी जावं लागलं की संपलंच. म्हणून डिस्क वेगळ्या. पुढे कोणीतरी ‘डिस्क’ गाळून ‘ड्राइव्ह लेटर’ वेगळं ठेवायला सांगायला लागलं, आणि मूळ कारणच हरवलं.

हार्ड डिस्कबद्दल आणखी दोन गोष्टी. एक, ती बाहेरच्या कडेकडून भरत येते, आणि आतल्या ट्रॅकवर वेग जवळपास निम्मा होतो. नवी असताना २०० देणारी डिस्क भरत आल्यावर १०० च्या आसपास येते. ‘आधी नीट चालायचं, आता अडकतं’ याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. दोन, तुमच्या डिस्क सीएमआर आहेत की एसएमआर ते मॉडेल नंबरवरून बघा. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मोठं लिखाण सलग चाललं की थोड्या वेळाने वेग कोसळतो. संग्रहासाठी चालतील, रोजच्या लिखाणाला नकोत.

---

ध्वनिलहर

एवढं सगळं कशाला? माझ्याकडे एकच २ टीबी एनव्हीएमई आहे. विंडोज, फुटेज, कॅशे, एक्स्पोर्ट सगळं त्यावर. ४केचे तीन ट्रॅक लोण्यासारखे चालतात.

---

संकलक

ध्वनिलहर, तुमचा अनुभव पूर्ण खरा आहे आणि त्याला तांत्रिक कारण आहे. साटा ज्या एएचसीआय पद्धतीने बोलतो त्यात एकच रांग असते आणि तीत ३२ आज्ञा मावतात. एनव्हीएमईच्या मानकात ६४ हजारांच्या आसपास रांगा आणि प्रत्येकीत तेवढ्याच आज्ञा बसू शकतात. प्रत्यक्षात इतक्या कोणी वापरत नाही, पण मुद्दा असा की वाचन आणि लेखन एकाच वेळी आलं तरी एनव्हीएमई गडबडत नाही. पीसीआयई ३ चा ड्राइव्ह सेकंदाला ३५०० मेगाबाइटच्या आसपास वाचतो, पीसीआयई ४ चा ७००० च्या. तुमच्या तीन ट्रॅकना त्याचा दहावा हिस्साही लागत नाही.

त्यामुळे आज ड्राइव्ह वेगळे ठेवायचं पहिलं कारण वेग नाही. जागा आणि सुरक्षितता ही कारणं आहेत. विंडोज परत टाकायची वेळ आली तर फुटेजला हात लागू नये. कॅशे फुगून सी ड्राइव्ह भरला तर सगळं मशीन लंगडायला लागतं, ते होऊ नये. आणि फ्रेमवेडींच्या बाबतीत जागेचा प्रश्न फार मोठा आहे. त्यांचं प्रोरेस एचक्यू तासाला सुमारे ३३० जीबी खातं. दोन कॅमेरे म्हणजे तासाला ६६० जीबी. १ टीबीच्या एनव्हीएमईवर दीड तासाचीही मुलाखत मावत नाही. ‘फुटेज एनव्हीएमईवर टाका’ हा सल्ला त्यांना तसाच देता येत नाही.

---

मदरबोर्डवाला

एनव्हीएमई बसवण्याआधी मदरबोर्डचं मॅन्युअल वाचा. हे मी प्रत्येक धाग्यावर लिहितो आणि लिहीत राहणार, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

पहिलं, कुठला एम.२ स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला आहे ते शोधा. बहुतेक वेळा तो प्रोसेसरच्या सर्वांत जवळचा असतो. बाकीचे स्लॉट चिपसेटमधून जातात, आणि चिपसेट ते प्रोसेसर हा एकच रस्ता सगळे साटा पोर्ट, यूएसबी आणि नेटवर्क मिळून वापरतात. एकाच ड्राइव्हच्या कामात फरक जाणवणार नाही. पण कार्ड रीडरवरून कॉपी चालू, हार्ड डिस्कवर बॅकअप चालू आणि टाइमलाइनही प्ले होतेय, अशा वेळी थेट स्लॉट बरा.

दुसरं, काही बोर्डांवर ठरावीक एम.२ स्लॉट भरला की ठरावीक साटा पोर्ट बंद होतात. माणसं एनव्हीएमई बसवतात, मशीन चालू करतात आणि हार्ड डिस्क गायब. डिस्क मेली म्हणून घाबरतात. केबल दुसऱ्या पोर्टवर लावली की ती परत दिसते. कुठला स्लॉट कुठले पोर्ट बंद करतो याचं कोष्टक मॅन्युअलमध्ये असतं.

तिसरं, एखाद्या स्लॉटमुळे ग्राफिक्स कार्डाच्या लेन १६ वरून ८ वर येतात. एडिटिंगमध्ये त्याने फार बिघडत नाही, पण दुसरा स्लॉट मोकळा असेल तर तो घ्या.

चौथं, उष्णता. एनव्हीएमईचा कंट्रोलर तापला की तो स्वतःहून वेग कमी करतो. ग्राफिक्स कार्डाच्या खाली दबलेला स्लॉट हा सगळ्यात गरम. हीटसिंक लावा, आणि त्याच्या पॅडवरची प्लास्टिकची फिल्म काढा. लांब रेंडरच्या वेळी ड्राइव्हचं तापमान क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एकदा बघून घ्या.

आणि बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआयवरून रेडवर किंवा उलट सहज म्हणून बदलू नका. विंडोज सुरूच व्हायचं नाही.

---

फ्रेमवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे बघितलं.

फक्त दोन प्रोरेस ट्रॅक : डिस्क सतत १०० टक्के, सीपीयू बऱ्यापैकी मोकळा. फ्रेम्स गळतात.
फक्त एच.२६५ : डिस्क जवळजवळ झोपलेली, व्हिडिओ डिकोड शून्य, सीपीयू पूर्ण भरलेला. तरीही अडकतं.

म्हणजे ही दोन वेगळी दुखणी आहेत असं धरू का?

---

संकलक

हो, अगदी तसंच. आणि तुम्ही हे मोजलंत म्हणून कळलं, नाहीतर एनव्हीएमई लावूनही अर्धं दुखणं राहिलं असतं आणि ड्राइव्हला दोष गेला असता.

एच.२६५ ४:२:२ चं आधी सांगतो. व्हिडिओ डिकोड शून्य म्हणजे तुमचं ग्राफिक्स कार्ड हा प्रकार उलगडतच नाही, सगळा भार सीपीयूवर. इंटेलच्या ११व्या पिढीपासून डेस्कटॉप प्रोसेसरांतलं अंगभूत ग्राफिक्स हे करतं. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय आरटीएक्स ५० मालिकेत आली. यातलं काही तुमच्याकडे असेल पण बायोसमध्ये अंगभूत ग्राफिक्स बंद असेल, तर ते चालू करून बघा. नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे मूळ फुटेजच्या हलक्या प्रती बनवून त्यांवर कट करायचा.

आणि प्रॉक्सी करणारच असाल तर तिन्ही कॅमेऱ्यांच्या करा, कारण त्याच उपायाने पहिलं दुखणंही जातं. १०८०पी मध्ये प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी घेतलं तर एका ट्रॅकला साधारण ४० मेगाबिट, म्हणजे ५ मेगाबाइट. तिन्ही मिळून १५. तीन कॅमेऱ्यांची तासाभराची मुलाखत पन्नास-पंचावन्न जीबीत बसते. आता १ टीबीचा एनव्हीएमई एकदम ऐसपैस वाटेल.

मी तुमच्या जागी असतो तर असं मांडलं असतं :

साटा एसएसडीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर, जसं आहे तसं. ते एनव्हीएमईवर हलवून प्रीमियर काही क्षण लवकर उघडेल, टाइमलाइनला काही मिळणार नाही. एक नवा विंडोज इन्स्टॉल वाचला.

एनव्हीएमईवर प्रॉक्सी, मीडिया कॅशे, रिझॉल्व्हचा रेंडर कॅशे आणि प्रोजेक्ट फाइल. शिवाय संगीत, ग्राफिक्स, स्टिल्स अशा लहान लहान फाइली, कारण हार्ड डिस्कला त्यांचाच सगळ्यात जास्त त्रास होतो.

पहिल्या हार्ड डिस्कवर मूळ फुटेज. दुसरीवर त्याचीच प्रत.

कट प्रॉक्सीवर करायचा. कट पक्का झाला की रिझॉल्व्हच्या मीडिया मॅनेजमेंटने फक्त वापरलेले तुकडे, पुढेमागे थोडी शिल्लक ठेवून, एनव्हीएमईवर कॉपी करायचे. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे तुकडा परत एन्कोड न करता कापता येतो. दोन तासांच्या मुलाखतीतून वीस मिनिटं उरली तर एका वेळी एकच कोन धरून ते साधारण ११० जीबी, वर शिल्लक भागाचे थोडे. मग रंगकाम पूर्ण दर्जाच्या फुटेजवर, एनव्हीएमईच्या वेगाने. एच.२६५ चे तुकडे असे कापता येत नाहीत, त्या फाइली पूर्ण कॉपी करा. त्या लहानच असतात.

---

नवशिका

मध्येच विचारतो. एक्स्पोर्टसाठी वेगळी डिस्क हवी असं सगळीकडे लिहिलेलं असतं. इथे तिचा उल्लेखच नाही?

---

तबकडी

नवशिका, एक्स्पोर्टमध्ये काय लिहिलं जातं ते बघा. ५० मेगाबिटची एच.२६४ फाइल रेंडर खऱ्या वेळेइतक्याच वेगाने झाली तर सेकंदाला सहा-सात मेगाबाइट. दुप्पट वेगाने झाली तर त्याच्या दुप्पट. कुठल्याही डिस्कला हे काहीच नाही. वेळ एन्कोडर आणि इफेक्ट्स खातात. एक्स्पोर्ट प्रोरेस एचक्यू किंवा फ्रेमनिहाय ईएक्सआर असेल तर मात्र विचार करावा लागतो, कारण तिथे लिखाण खरंच जड आहे. तेव्हा एवढंच पाळा : ज्या हार्ड डिस्कवरून फुटेज वाचतोय तिच्यावरच मास्टर लिहू नका.

आणि फ्रेमवेडी, रेड ० बद्दल कोणी स्पष्ट लिहिलं नाही म्हणून लिहिते. कृपया करू नका. दोन हार्ड डिस्क जोडून सलग वाचनाचा वेग जवळपास दुप्पट होतो हे खरं, पण हेड पळण्याचा वेळ तसाच राहतो. मल्टीकॅममध्ये तुम्हाला नडतोय तो तोच. वर, दोनपैकी एक गेली की दोन्हींवरचं सगळं गेलं. मुलाखत पुन्हा होत नाही. समोरचं माणूस तेच वाक्य त्याच तऱ्हेने परत बोलत नाही. माहितीपट करणाऱ्याने तरी दुसरी डिस्क वेगासाठी खर्ची घालू नये, प्रतीसाठीच ठेवावी. आणि त्याच कॅबिनेटमधली प्रत हीसुद्धा पुरेशी नाही. वीजपुरवठ्यातल्या एका झटक्याने दोन्ही एकदम जाऊ शकतात. तिसरी प्रत मशीनबाहेर, शक्यतो दुसऱ्या जागी.

---

ध्वनिलहर

रेड १ करून ठेवलं तर? प्रत आपोआप होईल.

---

तबकडी

एक डिस्क बंद पडली तर काम न थांबता चालू राहावं, यासाठी रेड १ उत्तम. पण चुकून फोल्डर डिलीट झालं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. फाइल बिघडली तर बिघडलेलीच दोनदा मिळते. त्यापेक्षा शूट संपलं की कार्डावरून दोन्ही डिस्कवर वेगवेगळी कॉपी आणि चेकसमने (फाइलीतल्या डेटावरून काढलेला आकडा जुळवून) पडताळणी. त्यासाठी खास सॉफ्टवेअर मिळतात, रिझॉल्व्हमध्येही क्लोन टूल आहे. दोन्ही प्रती पडताळून झाल्याशिवाय कार्ड फॉर्मॅट करायचं नाही.

---

मदरबोर्डवाला

तुमचा एनव्हीएमई टीएलसी (एका पेशीत तीन बिट) आहे की क्यूएलसी (एका पेशीत चार बिट), तेही बघून घ्या. खोक्यावरचा लिहिण्याचा वेग हा एसएलसी कॅशेचा असतो. ड्राइव्ह आपल्या मोकळ्या जागेचा काही भाग तात्पुरता झटपट लिहिण्यासाठी वापरतो. तो भरला की खरा वेग दिसतो. क्यूएलसीमध्ये तो साध्या हार्ड डिस्कइतका किंवा त्याहूनही कमी होऊ शकतो. आणि ड्राइव्ह जितका भरलेला तितका हा कॅशे लहान. म्हणून एनव्हीएमई पूर्ण भरू नका, १५-२० टक्के मोकळा ठेवा. शंभर-दोनशे जीबीचे तुकडे एकदम कॉपी करताना हे लगेच जाणवेल. वाचनावर याचा एवढा परिणाम नाही, तेव्हा क्यूएलसी निघाला तरी प्रॉक्सीच्या कामाला चालेल.

एसएसडी डीफ्रॅग करायचा नाही. विंडोजचं ऑप्टिमाइझ तिथे ट्रिम (कुठली जागा पुसून मोकळी झाली त्याची सूचना) पाठवतं, ते चालू राहू द्या.

---

फ्रेमवेडी

एनव्हीएमई बसवला. प्रोसेसरजवळचा स्लॉट घेतला, एकही साटा पोर्ट बंद झाला नाही. प्रॉक्सी रात्रभर लावून ठेवल्या होत्या. तिन्ही कोन एकत्र प्ले होतायत, प्लेहेड हाताबरोबर फिरतो. इतकी वर्षं कटचा निर्णय चित्र येण्याची वाट बघत घेत होते. आता माणूस थांबून श्वास घेतो तो क्षण नेमका पकडता येतोय. सगळ्यांचे खूप आभार.

एकच उरलं. कॅशे अजून सी वर जातोय. कुठून बदलू? आणि आधीचा कॅशे उचलून तिकडे नेऊ का?

---

संकलक

फारच छान वाटलं वाचून.

जुना कॅशे हलवू नका, पुसून टाका. तो परत तयार होतो. प्रीमियर : एडिट, प्रेफरन्सेस, मीडिया कॅशे. तिथे कॅशे फाइल्स आणि कॅशे डेटाबेस दोन्हींची जागा एनव्हीएमईवर द्या, आणि ठरावीक दिवसांपेक्षा जुना कॅशे आपोआप पुसायचा पर्याय चालू करा. प्रिव्ह्यू फाइल्स वेगळ्या असतात, त्या फाइल, प्रोजेक्ट सेटिंग्स, स्क्रॅच डिस्क्समध्ये. तिथेच ऑटो सेव्हची जागाही दिसेल. ती मात्र एनव्हीएमईवर ठेवू नका, हार्ड डिस्कवर द्या. प्रोजेक्ट फाइल आणि तिचे ऑटो सेव्ह एकाच ड्राइव्हवर असले तर ड्राइव्ह गेल्यावर दोन्ही जातात, आणि तुमच्या महिन्यांच्या कामाची खरी नोंद त्या काही एमबींच्या फाइलीतच आहे.

रिझॉल्व्ह : प्रोजेक्ट सेटिंग्स, मास्टर सेटिंग्स, वर्किंग फोल्डर्स. प्रॉक्सी, कॅशे आणि गॅलरी स्टिल्सच्या जागा तिथे आहेत. ही सेटिंग प्रत्येक प्रोजेक्टची वेगळी असते, म्हणून एकदा नीट लावून डिफॉल्ट म्हणून जतन करा. रंगकाम संपलं की प्लेबॅक मेन्यूतून रेंडर कॅशे पुसा, तो फार पटकन वाढतो.

---

मदरबोर्डवाला

आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एनव्हीएमई आणि दोन्ही हार्ड डिस्कना पक्की अक्षरं द्या, वर्णमालेत पुढची : एम, पी, क्यू अशी. ई, एफ, जी ही अक्षरं कार्ड रीडर आणि पेन ड्राइव्ह बळकावतात. डिस्कचं अक्षर बदललं की अख्खी टाइमलाइन ‘मीडिया ऑफलाइन’ दाखवते. प्रॉक्सी जोडलेल्या प्रोजेक्टमध्ये मूळ आणि प्रॉक्सी दोन्ही परत जोडत बसावं लागतं. अक्षरं आत्ताच बदला, पुढचा प्रोजेक्ट सुरू करण्याआधी.